कडा साफ ठेवा

१

निवृत्त माणसाची सकाळ फिरण्यात जाते आणि संध्याकाळ इतरांच्या गुडघ्यांची चौकशी करण्यात. मधली दुपार मात्र कुणी मंजूर करून दिलेली नसते. जेवण झालेलं असतं, डुलकी मोडलेली असते, चहाला अवकाश असतो. त्या वेळात मी फोटोंवर शेरे मारतो.

नोकरीत असताना अर्जांवर मारत होतो. धाराशिवलाच, एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत आयुष्याचा बराच भाग त्यात गेला. फरक इतकाच, की माझा शेरा वाचून कुठल्याही अर्जदाराला आनंद झाल्याचं स्मरत नाही. फोटोवाले मात्र हात जोडल्याची चित्रं पाठवतात.

व्हॉट्सॲपवर आमचा 'उजेड' नावाचा गट आहे. जिल्ह्यातले हौशी फोटोवाले त्यात आहेत. गट चालवतो शिवकुमार, ज्याचं स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्याकडं एक बरा कॅमेरा आहे आणि वाचनालयातली फोटोग्राफीची होती तेवढी पुस्तकं मी वाचून काढली आहेत. आमच्या गावात तज्ज्ञ व्हायला एवढं पुरतं. तेव्हापासून मी गटाचा 'सर' आहे.

गटाची रीत ठरलेली आहे. कुणाला नाउमेद करायचं नाही. आधी दोन गोड शब्द, मग एकच सूचना. ज्याला सूचना मिळाली त्यानं फोटो सुधारून परत टाकायचा आणि आधीचा पुसून टाकायचा, म्हणजे लोकांचे मोबाईल भरत नाहीत. रीत चांगली आहे. तिच्यामुळं मी हातलादेवीच्या टेकडीवरचे इतके सूर्यास्त गोड मानून घेतले आहेत, की सूर्य एकदा तरी मावळायचा विसरावा असं वाटतं. त्याशिवाय नळदुर्गचा धबधबा, तुळजापूरचा कळस, नातवंडं आणि शेळ्या. सूचना मी साधीच करतो. क्षितिज सरळ ठेवा. कडा साफ ठेवा. चौकटीच्या कडेला नको ते आलं की बघणाऱ्याची नजर तिकडंच पळते.

"कचेरीत सह्या करून भागलं न्हाय व्हय," सत्यभामा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते. "आता बोटानं सुरू केलाव."

ती येरमाळ्याची. तिच्या माहेरात कुणी हळू बोलत नाही.

२

रुद्रेश गटात कधी आला ते मला माहीत नाही. नावापुढं आडनाव नव्हतं, चेहऱ्याच्या जागी राखाडी गोल होता. एका दुपारी त्यानं पहिला फोटो टाकला.

फोटो चांगला होता. म्हणजे गोड शब्द शोधावे लागले नाहीत. आमच्याच भागातला, बाजाराकडून स्टँडकडं जाणारा रस्ता, माणूस नाही काणूस नाही, आणि एका लांब भिंतीवरून ऊन उतरत आलेलं. त्या रस्त्यावरून मी रोज जातो, पण ती भिंत मी तोवर पाहिली नव्हती असं वाटलं. फक्त डाव्या कडेला विजेचा खांब होता, त्याच्यावर शिकवणी वर्गांच्या आणि मूळव्याधीच्या जाहिराती डकवलेल्या.

मी लिहिलं: 'सुंदर प्रकाश. भिंतीचा पोत छान आलाय. डावीकडचा खांब तेवढा काढता आला तर पाहा.'

'बरं, सर,' त्यानं लिहिलं.

माझा चहा व्हायच्या आत दुसरा फोटो आला. खांब नव्हता. असं खोडकाम करणारे गटात पुष्कळ आहेत. ते काही पुसतात तिथं गिरवल्याचा डाग राहतो, एखाद्याचा कान जातो. इथं काहीच नव्हतं. खांबाच्या मागं झाकलेली भिंत जशी असायला हवी तशीच होती, तिच्यात एक भेगसुद्धा होती. 'सर, कुठलं ॲप वापरलं असंल यानं?' शिवकुमारनं विचारलं. मी रुद्रेशच्या फोटोला अंगठा दिला.

संध्याकाळी फिरायला निघालो तर रस्त्यावरचा खांब नव्हता.

वीज कंपनीनं एका दुपारीत खांब हलवला यावर विश्वास ठेवणं भुतावर विश्वास ठेवण्यापेक्षा अवघड आहे. पण मी सुशिक्षित माणूस आहे, म्हणून वीज कंपनीवर ठेवला. खाली वाकून पाहिलं. खड्डा नव्हता, सिमेंट नव्हतं. जुनं डांबर सलग होतं आणि त्याच्यावर जुन्या तेलाचे डाग होते. वर पाहिलं, तर तारा अलीकडच्या खांबावरून थेट पलीकडच्या खांबापर्यंत गेल्या होत्या, मध्ये कधी आधाराची गरजच नसल्यासारख्या. भिंतीला एक भेग होती.

ती भेग मी आधी कधी पाहिली होती का, हे मला ठरवता आलं नाही. कसं ठरवणार? तिच्यासमोर खांब होता.

३

आमच्या गल्लीच्या तोंडाशी महांतप्पाचं कापडाचं दुकान आहे. आम्ही शाळेपासूनचे. त्याच्या दुकानासमोर हातपंप होता. बाहत्तरच्या दुष्काळानंतर घेतलेल्या बोअरवरचा. नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, सवडीनं. त्यामुळं पंप दिवसभर चालू असे आणि त्याची किरकिर आमच्या माजघरापर्यंत पोचे. माझी दुपारची डुलकी रोज त्या आवाजानंच मोडायची.

रुद्रेशनं पुढचा फोटो टाकला तो त्या दुकानाचा. दुपारची वेळ, शटर खाली, ओट्यावर सावली, पाटीवरची अक्षरं उन्हानं पांढरी पडलेली. उजव्या कडेनं पंपाचा दांडा चौकटीत घुसलेला. मी शेरा लिहिताना काही विचार केला असं नाही. शेरा मारणारा विचार करत नाही. विचार करायचा असता तर सरकारनं वेगळा माणूस नेमला असता. मी लिहिलं, की फोटोत छान निवांतपणा आहे, पंपाच्या दांड्यानं तो मोडतो.

'बरं, सर.'

दुसऱ्या दिवशी माझी डुलकी मोडली नाही. जागा झालो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं, तोंड कडू झालं होतं, आणि घरात एक जागा रिकामी झाल्यासारखं वाटत होतं. कुठली जागा ते कळायला वेळ लागला. मी चपला घालून बाहेर पडलो.

"शरणार्थ, बिभीषणराव," महांतप्पा गादीवरून म्हणाला. "या, बसा. तोंड कशानं उतरलंय? वैनीनं हाकललं व्हय?"

"पंप कुठं गेला?"

"कसला पंप?"

"तुमच्या दुकानासमोरचा."

"अय्यो! हितं कवा पंप हुता वो?"

"महांतप्पा, चेष्टा नको. गल्ली सगळी ह्या पंपावर जगली."

"आमचा बाप दुकानापुढं घागरीची रांग लावू दिला असता व्हय? गिऱ्हाईक काय उड्या मारून आत आलं असतं?" आणि तो मोठ्यानं हसला. "ऊन लागलंय तुमाला. ताक घ्या."

तो हसला, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो.

शाळेत असताना महांतप्पा त्या पंपाच्या दांड्याला लोंबकळला होता. हात सुटला, दांडा उसळून तोंडावर आला आणि समोरचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून तो तोंडावर हात ठेवून हसायचा. लग्नाच्या फोटोतही ओठ मिटून आहे. आता तो तोंड उघडून हसत होता आणि समोरचे दोन्ही दात पूर्ण होते. बसवलेले नव्हते. तंबाखूनं आणि वयानं बाकीचे जेवढे पिवळे झालेत तेवढेच तेही पिवळे होते.

"दात कधी केला?" मी विचारलं.

"कोनता?" तो म्हणाला, आणि हसणं थांबवून माझ्याकडं काळजीनं पाहायला लागला. मित्र काळजीनं पाहायला लागला की माणसानं ताक पिऊन घरी जावं. मी गेलो.

४

मी स्वतःवर संशय घ्यायला तयार होतो. तसा मी नेहमीच असतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर काठावर आहे, वाचलेलं आणि घडलेलं यांची सरमिसळ या वयात कुणाचीही होते. गावाचं नाव बदललं तेव्हा पाटी बदलली, आणि वर्षभरात पोरं जुनं नाव आजोबांचं असल्यासारखं बोलायला लागली. पंपाचं काय घेऊन बसलात?

पण दाताचं काय करायचं, हे मला सुचेना.

मी गटात लिहिलं: 'रुद्रेश, दुकानाच्या फोटोबद्दल पुन्हा विचार केला. पंप होता तेच बरं होतं. तो परत घ्या.'

उत्तर लगेच आलं. 'काढलेलं परत कुठून आणू, सर? आधीचा पुसला.'

रीतच होती ती. मीच पाळायला लावलेली.

मग मी त्याच्या नंबरवर फोन लावला. उचलला गेला. पलीकडं कुणी बोललं नाही, पण शांतताही नव्हती; उघड्यावर, उन्हात उभं राहिल्यावर कानाला जे ऐकू येतं ते ऐकू येत होतं. मी 'हॅलो' म्हणालो, नाव विचारलं. कुणीतरी ऐकत होतं. फार मन लावून ऐकत होतं. इतकं मन लावून माझं आयुष्यात कुणी ऐकलेलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"हे थांबवा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

लगेच मजकूर आला. 'काय थांबवू, सर? नेमकं सांगा.'

मी लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पुसलं. मोघम आदेशानं काय होतं ते कचेरीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. वाक्यात एक शब्द कमी पडला, की ज्याचं घर पाडायचं नव्हतं त्याचं पडतं. हा प्रत्येक शब्द पाळणार होता. मी मोबाईल खिशात घातला.

शिवकुमारच्या दुकानी गेलो. तो कुणाचा तरी मोबाईल उघडून बसला होता.

"त्या रुद्रेशला गटातून कमी करा," मी म्हणालो.

"का वो सर? शिवी दिली का?"

"नाही."

"राजकारन?"

"नाही."

"मग? गटात सगळ्यात ऐकनारा तोच हाय. बाकीचे तुमचं वाचतेत, हात जोडतेत, आनि परत वाकडंच क्षितिज." त्यानं भिंगातून डोळा काढला. "सर, रागावू नका, पन चेला पुढं गेला म्हनून गुरूला टोचाय लागलं व्हय?"

समोर बसलेलं गिऱ्हाईक हसलं. मी पण हसलो. दुसरं काय करणार?

५

मग मी ठरवलं, की शेरा मारायचाच नाही. सूचना नाही तर सुधारणा नाही. मोबाईल कपाटात ठेवला आणि दुपारी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं.

सत्यभामाला बरं वाटलं. "देवीला नवस बोलले हुते मी," ती म्हणाली. "मोबाईल सुटू दे, वटी भरते म्हनून."

बाजाराच्या वळणावर, त्याच लांब भिंतीला टेकून, गजराबाई बसायची. भाजीवाली. करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचे डहाळे, जे शेतात असेल ते. सत्यभामा आणि ती रोज भांडायच्या. सत्यभामा जुडी उचलून नाक मुरडायची, गजराबाई म्हणायची, "घ्यायची तर घ्या, न्हायतर सासरला जावा," आणि मग दोघी अर्धा तास सुनांवर बोलत बसायच्या. घरी आल्यावर सत्यभामा ते सगळं भांडण नकलेसकट करून दाखवायची. करडईच्या भाजीपेक्षा मला ते जास्त आवडायचं.

एकदा दुपारी फार वेळ घर शांत राहिलं म्हणून मी कपाट उघडलं. मोबाईल उघडला. रुद्रेशचा फोटो आधीच सुधारून आला होता. तीच भिंत, तेच ऊन, सलग, मोकळं. त्याच्या वर राजनंदिनी मॅडमचा शेरा होता. त्या कॉलेजात शिकवतात, अतिशय सालस बाई. 'किती सुंदर! टोपलीवाल्या बाईंमुळं भिंत झाकली जातेय, त्या नसत्या तर अजून खुललं असतं. कडा साफ ठेवायला बिभीषण सरांकडून शिकले.' आणि खाली हात जोडलेले. एकानंतर एक, सगळ्यांचे.

त्यांनी पहिला फोटो पाहिला होता. आता विचारलं असतं तर कुणालाच आठवलं नसतं. फोटो लोक बघत नाहीत. अंगठा देतात आणि पुढं जातात. थांबून बघणारा बहुधा मी एकटाच होतो, आणि त्याचं बक्षीस मला मिळत होतं.

मी वळणावर गेलो नाही. स्वयंपाकघरात गेलो.

"आज करडईची भाजी नाही आणली?"

"कसली?" सत्यभामा पोळी लाटत होती. "आपल्या घरात कवा खाल्ली कुनी ती?"

"गजराबाईकडची."

"कोन गजराबाई?"

तिनं लाटणं थांबवलं नव्हतं. मी तिच्याकडं बघत उभा राहिलो. मी म्हणालो, "घ्यायची तर घ्या, न्हायतर सासरला जावा." तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा माझ्या ओळखीचा होता, पण त्याच्यावर त्या वाक्याचं काहीही उमटलं नाही.

"हे कुनाचं?" ती म्हणाली. "बरं हाय की."

६

त्यानंतर मी सत्यभामाला बाजारात एकटीला जाऊ देईनासा झालो. भाजी मीच आणायचो. हे किती दिवस चालणार होतं?

"तुमी आनताव ती वांगी आतून किडकी असतेत," एका दुपारी ती म्हणाली. "दोन पावलावर बाजार. मला काय कुनी पळवून न्यायलंय ह्या वयात?" आणि हिरव्या काठाची सुती साडी नेसून, कापडी पिशवी घेऊन, मी चपला शोधेपर्यंत ती गेलीही.

मी मोबाईल हातात घेऊन बसलो. शब्दकोड्यानं काही होत नाही हे मला कळलं होतं. गप्प बसलं तर दुसरं कुणीतरी बोलतं.

फोटो आला. आमची गल्ली. मध्यभागी आमचं फाटक, त्यावर बोगनवेल, खाली तिची सावली. ऊन इतकं स्थिर, की कुणी धरून ठेवल्यासारखं. आणि उजव्या कडेला, चौकटीनं उभी कापलेली, अर्धी बाई. हिरवा काठ. एक हात, हातात भरलेली पिशवी. अर्धा चेहरा, एक डोळा. तो डोळा सरळ कॅमेऱ्याकडं पाहत होता. आपल्याकडं कोण बघतंय म्हणून उन्हात बारीक केलेला.

मी उठून खिडकी उघडली. समोर तीच गल्ली, तेच ऊन. फोटो जिथून घेतला असेल तिथं समोरच्यांच्या घराची भिंत होती, सलग, बिनखिडकीची. तिथं माणूस उभा राहू शकत नाही. ती उजवी कड माझ्या खिडकीतून दिसत नव्हती. मी तिला हाक मारली. उत्तर आलं नाही. बाहेर धावत जाण्याएवढा वेळ नव्हता, कारण हातातल्या मोबाईलवर राजनंदिनी मॅडम लिहायला लागल्या होत्या.

मी एका बोटानं लिहितो. तेवढ्यात त्यांचं आलं: 'अप्रतिम! किती शांत गल्ली. फक्त...' आणि त्या पुढचं लिहू लागल्या.

माझं गेलं: 'थांबा. हा फोटो पूर्ण आहे. यात काहीही बदलू नका.'

'पण सर, कडेची बाई अर्धीच आलीय,' राजनंदिनी मॅडमनी लिहिलं. 'तिकडंच नजर जाते. तुमचाच नियम!' शेवटी हसरा चेहरा होता.

शिवकुमार: 'बाई काढली तर हा फोटो कॅलेंडरवर लागंल, सर.'

त्याला लोकांनी अंगठे दिले. सगळी भली माणसं आहेत. कुणाला नाउमेद करत नाहीत.

ही माझी बायको आहे, असं लिहावं का? मी लिहायला घेतलं होतं. पण मग काय झालं असतं ते मला दिसत होतं. सगळ्यांनी नमस्कार घातला असता आणि म्हणाले असते, अरे, वहिनी आहेत, त्यांना नीट घ्या. आणि रुद्रेशनं ते ऐकलं असतं.

ती गेली तर आणखी काय काय जाईल? पंप गेला तर त्यानं तुटलेला एक दात परत आला होता. हिच्याबरोबर पुण्यातला आमचा मुलगा कृष्णराज जाईल, त्याची मुलगी जाईल, या घराच्या भिंतींचा रंग जाईल. महांतप्पा म्हणेल, अय्यो, तुमचं लग्न कवा झालं वो? आणि मी एकटा आठवत बसेन. आठवण कुणाची, ते सांगायलाही कुणी नसेल.

मी लिहिलं: 'ती बाईच या फोटोचा जीव आहे. ती काढली तर मागं नुसती गल्ली उरते.'

मग राजनंदिनी मॅडमनी हात जोडले. 'खरंय, सर. असं पाहायला हवं.' शिवकुमारनंही जोडले.

मग रुद्रेश: 'मग पूर्ण घेऊ, सर?'

बाहेर फाटकाचा आवाज झाला नव्हता. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी त्या ओळीकडं पाहत बसलो. जो खांब घेतो, पंप घेतो, भाजीवाली घेतो, तो एखाद्याला पूर्ण घेतो म्हणजे काय करतो आणि कुठं नेतो, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारलं असतं तर त्यानं नेमकं सांगितलं असतं.

'नको,' मी लिहिलं. 'आहे तशी राहू द्या.'

'बरं, सर.'

७

मग फाटक वाजलं. मी खुर्चीत बसलो.

आमच्या घराला बाजूनं बोळ आहे. बाजारातून आली की सत्यभामा पुढच्या खोलीतून येत नाही, बोळातून परस्पर मागं स्वयंपाकघरात जाते. तिची चाहूल भिंतीपलीकडून गेली. पिशवी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग एक चप्पल काढल्याचा. मी दुसरीच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

"अवो," तिनं आतून हाक मारली. "च्या ठेवू का?"

"ठेव," मी म्हणालो. आवाज तिचाच होता. येरमाळ्याचा, घुमणारा. मला रडू आलं.

स्वयंपाकघराचं दार माझ्या खुर्चीतून समोर दिसतं. ती दाराच्या चौकटीत आली. म्हणजे उजव्या बाजूच्या चौकटीमागून डोकावावं तशी दिसली. हिरवा काठ, एक हात, अर्धा चेहरा. "चांगली काटेरी वांगी मिळाली," ती म्हणाली, आणि तो एक डोळा हसला.

"बाहेर ये ना," मी म्हणालो. "बस जरा."

"आलेच की."

ती आली नाही. तिथंच उभी राहिली. मी तिच्या बाजूची चौकट पाहत होतो. त्या चौकटीला लागून आत स्टीलची मांडणी आहे, भांड्यांनी गच्च भरलेली, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली. चौकट आणि मांडणी यांच्यात हात जात नाही. तिथं उरलेल्या अर्ध्या माणसाला जागा नाही. हे मला माहीत होतं, कारण ती मांडणी मीच बसवून घेतली होती.

तेव्हापासून असंच चालू आहे. ती स्वयंपाक करते, आणि चांगला करते. ताट उंबऱ्यावरून पुढं सरकतं, मी ते उचलून खुर्चीत बसून जेवतो. कृष्णराजचा फोन आला की ती त्याच्याशी भरपूर बोलते. आईचा आवाज छान आहे, असं तो मला सांगतो. महांतप्पा एकदा आला, वैनी कुठं हायत म्हणाला, तर तिनंच आतून त्याला टोमणा मारला आणि तो तोंड उघडून हसला. गटात रुद्रेश अजून आहे. त्या दिवसानंतर त्यानं काही टाकलेलं नाही. मी रोज दुपारी पाहतो.

उठून चार पावलं टाकली तर मला चौकटीपलीकडं बघता येईल. मी टाकलेली नाहीत. मी कागदावर आयुष्य काढलेला माणूस आहे. मागची बाजू न पाहताही काम चालतं, हे मला माहीत आहे.

काल दुपारी मात्र चहा उकळून गेल्याचा वास आला. मग ती कडेला दिसली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता.

"अवो, जरा इकडं येऊन बगा की. ह्या अंगाला मला कायतरी झालंय. हात न्यायला गेलं तर काय लागंना."

मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"काही झालेलं नाही," मी म्हणालो. "छान दिसतेस. हलू नकोस."